हजेरी चुकली, आता? अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवल्यानंतरचं प्रोबेशन

प्रोबेशन म्हटलं की आपल्याला नोकरीतले पहिले सहा महिने आठवतात. काम जमलं तर कायम, नाही तर घरी. अमेरिकेतल्या कोर्टाच्या प्रोबेशनचा त्याच्याशी काही संबंध नाही. इथे शिक्षा बहुधा आधीच ठरलेली असते. समजा, न्यायाधीशांनी १८० दिवसांची कैद सुनावली, त्यातले १७८ दिवस स्थगित ठेवले आणि एक वर्षाचं प्रोबेशन, म्हणजे कोर्टाच्या अटी पाळून तुरुंगाबाहेर राहण्याची मुदत, दिली. हे १७८ दिवस माफ झालेले नसतात. ते फाईलमध्ये तसेच पडून असतात, आणि अटी मोडल्याचं सिद्ध झालं तर न्यायाधीश ते भोगायला लावू शकतात. महिन्याकाठची एक भेट चुकणं एवढं गंभीर का धरलं जातं, याचं उत्तर इथे आहे.

दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याचं नाव राज्यागणिक बदलतं: कुठे डीयूआय, कुठे डीडब्ल्यूआय, कुठे ओडब्ल्यूआय. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा बहुतेक ठिकाणी ०.०८ टक्के आहे, युटामध्ये ०.०५. प्रोबेशनची मुदतही सारखी नसते. कॅलिफोर्नियात पहिल्याच डीयूआयला तीन ते पाच वर्षं, टेक्सासमध्ये साध्या डीडब्ल्यूआयला जास्तीत जास्त दोन वर्षं. त्यामुळे "माझ्या मित्राला काहीच झालं नव्हतं" या वाक्यावर विसंबू नका. मित्राचं राज्य वेगळं, काउंटी (म्हणजे जिल्हा) वेगळी, न्यायाधीश वेगळे.

आधी एक गोष्ट तपासा: तुमचं प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीखाली आहे की थेट कोर्टाच्या? पहिल्या प्रकारात ठरावीक ऑफिसर असतो आणि त्याच्याकडे हजेरी लावायची असते. दुसऱ्या प्रकारात ऑफिसरच नसतो. कॅलिफोर्नियात पहिल्या डीयूआयला बहुधा हाच प्रकार मिळतो. मग माणसाला वाटतं की आपल्याला कुठे जायचंच नाही. पण दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीचे सक्तीचे क्लास असतात, दंडाचे हप्ते असतात, आणि "क्लास पूर्ण केल्याचा दाखला अमुक तारखेपर्यंत आणा" असं शिक्षेच्या कागदावर छापलेलं असतं. ती तारीख उलटली की आठवण करून द्यायला कोणी फोन करत नाही. पुढची नोटीस कोर्टाकडूनच येते.

कोणती भेट चुकली यावर बरंच ठरतं

"अपॉइंटमेंट चुकली" या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचं वजन निराळं असतं.

सगळ्यात जड म्हणजे कोर्टाची तारीख. तुमचं नाव पुकारलं गेलं आणि तुम्ही हजर नसाल, तर न्यायाधीश त्याच दिवशी, बसल्या जागी बेंच वॉरंट, म्हणजे तुमच्या अटकेचा हुकूम, काढू शकतात. काही राज्यांत तारखेला गैरहजर राहणं हाच वेगळा गुन्हा असतो. ऑफिसरची मासिक हजेरी चुकली तर मात्र मध्ये थोडी जागा असते, कारण तिथे निर्णय आधी ऑफिसरच्या हातात असतो.

लघवीची तपासणी चुकणं हे लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप गंभीर आहे. पद्धत साधारण अशी: तुम्हाला एक रंग किंवा क्रमांक दिलेला असतो. रोज सकाळी ठरलेल्या नंबरवर फोन करून ध्वनिमुद्रित निरोप ऐकायचा. तुमचा रंग पुकारला गेला तर त्याच दिवशी, सांगितलेल्या वेळेत, केंद्रावर जाऊन नमुना द्यायचा. फोन करायला विसरलात आणि नेमका त्या दिवशी तुमचा रंग होता, तर तपासणी चुकली. बहुतेक ठिकाणी चुकलेली तपासणी पॉझिटिव्ह धरली जाते, म्हणजे थेंबभर न पिता दारू प्यायल्याची नोंद होते. धास्तीपोटी भरपूर पाणी पिऊन गेलात तर वेगळीच अडचण. नमुन्यातलं क्रिएटिनिन डेसिलीटरला २० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की प्रयोगशाळा त्यावर "पातळ नमुना" असा शेरा मारते, आणि कित्येक ऑफिसर त्याला चुकवाचुकवीचा प्रयत्न समजतात. ईटीजी नावाची तपासणी पिऊन दोन-तीन दिवस झाल्यावरही अल्कोहोलचा माग काढते. म्हणून या काळात अल्कोहोल असलेलं माउथवॉश आणि खोकल्याचं औषध घरात ठेवूच नका.

डीयूआयचे क्लास चुकले तर मार दोन बाजूंनी बसतो. कॅलिफोर्नियात पहिल्या वेळेचा कोर्स साधारण तीन महिन्यांचा असतो आणि अल्कोहोलचं प्रमाण ०.२० किंवा जास्त असेल तर नऊ महिन्यांचा. ठरलेल्यापेक्षा जास्त गैरहजेरी झाली की संस्था नाव कमी करते आणि तसं कोर्टाला आणि डीएमव्हीला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याला, कळवते. कोर्टात उल्लंघनाचं प्रकरण उभं राहतं ते वेगळं, आणि डीएमव्ही लायसन्स पुन्हा निलंबित करते ते वेगळं. एक मिटलं म्हणून दुसरं मिटत नाही.

गाडीला इंटरलॉक, म्हणजे फुंकर मारून दारू तपासल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं यंत्र, लावलेलं असेल तर त्याच्या सर्व्हिसची तारीखही भेटच समजा. ती टळली की यंत्र काही दिवस इशारे देतं आणि मग गाडी सुरूच होऊ देत नाही. गाडी टो करून न्यावी लागते आणि यंत्रातली नोंद ऑफिसरपर्यंत पोहोचते.

तुम्ही आला नाहीत, तेव्हा ऑफिसरच्या टेबलावर काय होतं

ऑफिसरकडे तुमच्या नावाची एक नोंदवही असते, आता ती संगणकात असते. तुम्ही आला नाहीत की तिथे तारीख, वेळ आणि "गैरहजर, फोन नाही" अशी एक ओळ पडते. आलात तरी ओळ पडते, फोन केलात तरी पडते. पुढे सुनावणी झालीच तर ऑफिसर याच ओळी वाचून दाखवतो. तेव्हा त्या दिवसासमोर "गैरहजर, फोन नाही" लिहिलंय की "गैरहजर, सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी फोन केला, मुलाला इमर्जन्सीत नेल्याचं सांगितलं, कागद दुपारी ईमेलने पाठवले" असं लिहिलंय, यावर प्रकरणाचं वजन ठरतं.

एका चुकलेल्या भेटीवर लगेच वॉरंट निघतंच असं नाही. ऑफिसर ताकीद देऊ शकतो, हजेरी महिन्याऐवजी आठवड्यावर आणू शकतो, काही तास समाजसेवा वाढवू शकतो. बऱ्याच ठिकाणी असे किरकोळ उपाय कोर्टात न जाता करायची त्याला मुभा असते. पण फोन बंद, पत्त्यावर माणूस नाही, पत्र परत आलं, अशी स्थिती असेल तर नोंदीतला शब्द बदलतो. "गैरहजर" जाऊन "फरार" येतो. ऑफिसर मग उल्लंघनाचा अहवाल किंवा प्रतिज्ञापत्र कोर्टात देतो. इथे कोणी तुमचा राग धरलेला नसतो. शंभरावर फाईली सांभाळणाऱ्या ऑफिसरला संपर्कातला माणूस आणि बेपत्ता माणूस यांत भेद करावाच लागतो. तो भेद करण्यासाठी तुमच्या बाजूने काहीतरी दिसायला हवं. खरं नुकसान होतं ते भेट चुकल्यावर गप्प बसल्याने.

पहिले चोवीस तास

भेट चुकल्याचं ज्या क्षणी लक्षात येईल त्याच क्षणी फोन करा. रात्रीचे अकरा असले तरी व्हॉइसमेल ठेवा. त्यात पाच गोष्टी हव्यात: पूर्ण नाव, केस नंबर, कोणत्या दिवशीची कितीची भेट चुकली ते, कारण एका वाक्यात, आणि तुमचा चालू नंबर. "उद्या सकाळी कार्यालय उघडताच येऊ शकतो, चालेल का?" असं स्वतःहून विचारा. मग हाच मजकूर ईमेलने पाठवा. फोनचं कॉल लॉग दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर आलं नाही तर सरळ कार्यालयात जा, काउंटरवर नाव लिहा आणि आल्याचा शिक्का किंवा सही मागा. तुमचा ऑफिसर नसेल तर त्या दिवशी कामावर असलेल्या ऑफिसरला भेटा.

एक मोठी सावधगिरी. तुम्ही ऑफिसरला जे सांगता ते तुमच्याविरुद्ध वापरता येतं. प्रोबेशन ऑफिसरने नेहमीच्या भेटीत प्रश्न विचारताना पोलिसांसारखी "गप्प राहण्याचा हक्क आहे" अशी सूचना द्यायलाच हवी असं नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली मिनेसोटा विरुद्ध मर्फी या खटल्यात दिला. तेव्हा खोटं तर बोलूच नका, कारण ते स्वतंत्र उल्लंघन ठरतं. पण आदल्या रात्री प्यायला होतात, म्हणून भेट चुकली, असं असेल तर तोंड उघडण्याआधी वकिलाशी बोला. नवीन अटक झाली असेल तेव्हाही तसंच. वकील परवडत नसेल तर तुमची मूळ केस ज्या पब्लिक डिफेंडरकडे (सरकारी खर्चाने बचाव करणाऱ्या वकिलाकडे) होती त्या कार्यालयात फोन करा.

कारणांचं म्हणाल तर कागद असलेलं कारण चालतं, कागद नसलेलं क्वचित. हॉस्पिटलचा डिस्चार्ज पेपर, अपघाताचा पोलीस रिपोर्ट, नातेवाइकाच्या मृत्यूचा दाखला यांना किंमत असते. "ऑफिसात रिलीज होतं" याला नाही. पण तीच अडचण आधी कळवली असती तर बऱ्याचदा वेळ बदलून मिळाली असती. "गाडी नव्हती" हे कारण तर उलटंच पडू शकतं. लायसन्स निलंबित असताना गाडी नसणारच, त्याची सोय करणं हे तुमचंच काम मानलं जातं. आणि गाडी स्वतः चालवत हजेरीला गेलात तर पार्किंगमध्येच दुसरा गुन्हा होतो.

पैसे नाहीत म्हणून हजेरी टाळणं ही फार सामान्य आणि फार महागात पडणारी चूक आहे. देखरेखीची फी थकलीय, रिकाम्या हाताने गेलो तर आत टाकतील, अशी भीती वाटते. कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया या १९८३ च्या निकालानुसार, प्रयत्न करूनही पैसे भरता येत नसतील तर केवळ त्या कारणावरून प्रोबेशन रद्द करून तुरुंगात टाकता येत नाही. कोर्टाला आधी दुसरे पर्याय पाहावे लागतात. न जाण्याला असं संरक्षण नाही. दहा डॉलर असतील तर दहा घेऊन जा, नसतील तर पगाराच्या स्लिपा आणि भाड्याची पावती घेऊन जा. पण जा.

वॉरंट निघालं असेल तर

बेंच वॉरंटला मुदत नसते. ते पडून राहतं आणि भलत्याच वेळी समोर येतं: मागचा दिवा बंद म्हणून पोलिसांनी गाडी थांबवली तेव्हा, नवीन नोकरीच्या पार्श्वभूमी तपासणीत, परदेशातून परतताना विमानतळावर. शिवाय अनेक राज्यांत प्रोबेशनचं घड्याळ या काळात थांबतं. एक वर्षाचं प्रोबेशन, दहाव्या महिन्यात वॉरंट, आणि तुम्ही तीन वर्षांनी सापडलात, तरी "मुदत कधीच संपली" असं म्हणता येत नाही. उरलेले दोन महिने तसेच शिल्लक असतात.

वॉरंट आहे का हे काउंटीच्या कोर्टाच्या संकेतस्थळावर किंवा क्लार्कच्या कार्यालयात कळतं. स्वतः चौकशीला जाण्यापेक्षा वकिलामार्फत केलेली बरी. वकील वॉरंट मागे घेण्याचा अर्ज करून जवळची तारीख मिळवू शकतो, आणि काही कोर्टांत ठरावीक वेळी वकिलाशिवायही हजर होता येतं. स्वतःहून आलेला माणूस आणि बेड्या घालून आणलेला माणूस यांच्याकडे न्यायाधीश एकाच नजरेने पाहत नाहीत. हजर व्हायचंच असेल तर आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी व्हा. शुक्रवारी संध्याकाळी अटक झाली तर सोमवारपर्यंत न्यायाधीशांसमोर उभं राहता येईलच असं नाही. आणि उल्लंघनाच्या प्रकरणात जामीन गृहीत धरू नका. फ्लोरिडासारख्या राज्यात तो मिळण्याचा हक्क नसतो. औषधांची यादी, घरच्यांचे नंबर, मुलांना शाळेतून कोण आणेल याची व्यवस्था, हे आदल्या रात्री करून ठेवा. मोबाइल काढून घेतला जातो, तेव्हा दोन नंबर तरी पाठ असू द्या.

सुनावणीत काय होतं

मूळ खटल्यासारखी ही सुनावणी नसते. ज्युरी नसते. "निःसंशय सिद्ध" करण्याची गरज नसते. घडलं असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त आहे, एवढं न्यायाधीशांना पटलं की पुरतं. ऐकीव पुरावाही बऱ्याच प्रमाणात चालतो. तरी तुम्ही अगदीच उघड्यावर नसता. मॉरिसी विरुद्ध ब्रुअर (१९७२) आणि गॅग्नन विरुद्ध स्कार्पेली (१९७३) या निकालांमुळे आरोपांची लेखी सूचना मिळणं, स्वतःची बाजू मांडणं, साक्षीदार आणि कागद सादर करणं, विरुद्ध साक्षीदाराला प्रश्न विचारणं, हे हक्क तुम्हाला आहेत. सरकारी खर्चाने बचावाचा वकील मिळण्याचा हक्क या निकालांप्रमाणे प्रकरणावर अवलंबून असतो, पण बरीच राज्यं तो सरसकट देतात. पहिल्याच तारखेला स्पष्ट शब्दांत मागा.

आरोप एकेक करून वाचले जातात: अमुक तारखेला हजेरी नाही, अमुक तारखेला तपासणी नाही, क्लास अपूर्ण. प्रत्येकावर विचारलं जातं, मान्य की अमान्य? इथे घाईने "हो, हो" म्हणू नका. तीन आरोपांपैकी एक मान्य केला तरी प्रोबेशन रद्द करायला तो पुरेसा असू शकतो. बऱ्याच प्रकरणांत तुमचा वकील आणि सरकारी वकील आधीच बोलून तोडगा ठरवतात, म्हणून वकिलाच्या हातात कागद सुनावणीच्या सकाळी नव्हे, आठवडाभर आधी पडायला हवेत.

बचावाचा गाभा बहुधा एकच असतो: उल्लंघन जाणूनबुजून झालं का? हॉस्पिटलमध्ये असणं, दुसऱ्या काउंटीच्या जेलमध्ये असणं, ऑफिसरने बदललेल्या वेळेची सूचना जुन्या पत्त्यावर जाणं, या गोष्टी कागदानिशी दाखवता आल्या तर फरक पडतो. पत्ता बदलल्याचं तुम्हीच कळवलं नसेल तर हा बचाव तुमच्याच अंगावर येतो. टेक्सासमध्ये आणखी एक तरतूद आहे. हजेरी न दिल्याच्या आरोपावर, तुमच्या शेवटच्या नोंदवलेल्या घरच्या किंवा कामाच्या पत्त्यावर कोणी प्रत्यक्ष येऊन संपर्काचा प्रयत्नच केला नव्हता, हा बचाव तिथे घेता येतो.

निकाल अनेक प्रकारचे असू शकतात. प्रोबेशन आहे तसं चालू ठेवणं, मुदत वाढवणं, घोट्याला अल्कोहोल मोजणारं यंत्र बांधणं (यातलं सर्वांत प्रचलित यंत्र दर अर्ध्या तासाला घामातून नमुना घेतं), उपचार केंद्रात पाठवणं, काही दिवस किंवा शनिवार-रविवार जेल, आणि शेवटी प्रोबेशन रद्द. रद्द झालं तर स्थगित ठेवलेले ते १७८ दिवस समोर येतात, आणि प्रोबेशनवर बाहेर काढलेले महिने सहसा त्यातून वजा होत नाहीत. दोषी ठरवण्याचा निकालच राखून ठेवून प्रोबेशन दिलं असेल तर धोका आणखी मोठा. तिथे शिक्षेचा आकडा ठरलेलाच नसतो, त्यामुळे न्यायाधीश त्या गुन्ह्याची कमाल शिक्षाही देऊ शकतात.

व्हिसावर असाल तर

हा भाग फौजदारी वकिलाच्या नजरेतून निसटू शकतो, म्हणून इमिग्रेशन वकिलाला वेगळं विचारा. एका साध्या डीयूआयमुळे हद्दपारी होतेच असं नाही. तो "हिंसक गुन्हा" नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने लिओकाल विरुद्ध अ‍ॅशक्रॉफ्ट (२००४) मध्ये म्हटलं आहे. पण केवळ अटकेवरूनही परराष्ट्र खातं पासपोर्टमधला व्हिसा रद्द करू शकतं, आणि २०१५ पासून तसं करण्याचं धोरण आहे. व्हिसा रद्द झाला म्हणजे देशात राहण्याचा तुमचा कायदेशीर दर्जा आपोआप संपत नाही, पण भारतात गेलात तर नवीन व्हिसा घेतल्याशिवाय परत येता येत नाही.

वॉरंटवर अटक झाली की जेलमध्ये घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयमार्फत होमलँड सिक्युरिटी या इमिग्रेशन सांभाळणाऱ्या खात्याकडेही जातात. म्हणजे चुकलेल्या एका हजेरीमुळे तुम्ही इमिग्रेशन यंत्रणेच्या नजरेत नव्याने येता. निकाल राखून ठेवला म्हणून "दोषी ठरलो नाही" असंही धरू नका. गुन्हा कबूल केला असेल आणि प्रोबेशनसारखं बंधन घातलं असेल, तर इमिग्रेशन कायद्याच्या लेखी ती दोषसिद्धीच असते. नागरिकत्वाचा अर्ज तर प्रोबेशन चालू असताना मंजूरच होत नाही. उल्लंघनामुळे मुदत सहा महिन्यांनी वाढली की ती तारीखही सहा महिने पुढे जाते.

आई-वडील आजारी आहेत म्हणून तातडीने पुण्याला निघायचं असेल, तर तिकीट काढण्याआधी परवानगी. राज्याबाहेर जायलाही बहुतेक ठिकाणी लेखी परवाना लागतो. अर्जासोबत डॉक्टरचं पत्र इंग्रजीत, जाण्यायेण्याच्या तारखा, तिथला पत्ता आणि फोन द्या. त्या काळातली हजेरी कशी होईल, फोनवर की परत आल्यावर, हे परवान्यातच लिहून घ्या. तोंडी "ठीक आहे" म्हणणारा ऑफिसर तुम्ही परत येईपर्यंत बदललेला असू शकतो.

आणि प्रोबेशन संपलं, असं कॅलेंडर पाहून ठरवू नका. क्लार्ककडून शिक्षेचा आणि प्रोबेशन पूर्ण झाल्याचा, दोन्ही कागदांच्या शिक्क्यासह प्रमाणित प्रती घ्या, दोन-तीन जास्तीच्या. छोटी कोर्टं जुन्या फाईली काही वर्षांनी नष्ट करतात, आणि नागरिकत्वाच्या मुलाखतीत अधिकारी हेच कागद मागतो, मग प्रकरण कितीही जुनं असो.